स्कॉटलंडमधल्या नर्सच्या ॲस्थेटिक्स क्लिनिकची तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नर्स आहे. नर्सिंग मिरजेत शिकले, स्कॉटलंडला येऊन काही वर्षं एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, वॉर्डात काढली आणि आता ग्लासगोजवळ माझं एका खोलीचं ॲस्थेटिक्स, म्हणजे सौंदर्योपचारांचं, क्लिनिक आहे. बोटॉक्स (सुरकुत्या कमी करणारं इंजेक्शन), फिलर (ओठ-गाल भरण्याचं जेलचं इंजेक्शन) आणि त्वचेचे काही उपचार मी करते. इथल्या मराठी नर्सेस मला सतत विचारतात, ‘ताई, ते इन्स्पेक्शन म्हणजे नक्की काय असतं?’ क्लिनिकमध्ये येणाऱ्या बायकाही आता चौकशी करूनच येतात, आणि ते मला मनापासून आवडतं. सगळ्यांना वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

ही तपासणी कोण करतं?

हेल्थकेअर इम्प्रूव्हमेंट स्कॉटलंड. सगळे त्याला एचआयएस म्हणतात. डॉक्टर, डेंटिस्ट, नर्स किंवा मिडवाइफ एनएचएसच्या बाहेर, स्वतंत्रपणे उपचार देत असतील तर त्या जागेला इथल्या कायद्यात ‘इंडिपेंडंट क्लिनिक’ म्हणतात. अशा क्लिनिकची नोंदणी १ एप्रिल २०१६ पासून सुरू झाली आणि वर्षभराने, १ एप्रिल २०१७ पासून, नोंदणीशिवाय ते चालवणं हा गुन्हा ठरला. जून २०२४ पासून फार्मासिस्टही यात आले.

नोंदणी एकदा करून विषय संपत नाही. दर वर्षी फी भरायची, वार्षिक माहिती पाठवायची आणि तपासणीला सामोरं जायचं.

माझी बहीण लंडनजवळ हेच काम करते. तिच्याकडे कोणी येत नाही. असं कसं?

इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन आहे. पण नुसत्या सौंदर्यासाठी दिलेलं बोटॉक्स आणि फिलर त्यांच्या कक्षेत येत नाही. हेच औषध आजारासाठी दिलं, समजा काखेत अतिघाम येतो म्हणून, तर नोंदणीचा प्रश्न येतो. म्हणून इंग्लंडमध्ये एखादी अत्यंत चोख नर्सही सरकारी तपासणीशिवाय वर्षानुवर्षं काम करू शकते. २०२२ च्या हेल्थ अँड केअर ॲक्टने तिथे लायसन्स पद्धत आणण्याचा अधिकार सरकारला दिला आहे. आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून इंग्लंडमध्ये १८ वर्षांखालच्या मुलामुलींना सौंदर्यासाठी बोटॉक्स किंवा फिलर देणं हा गुन्हा आहे.

म्हणून नियम वाचताना तो कुठला आहे ते आधी बघा. इंटरनेटवर इंग्लंडची माहिती वाचून ग्लासगोमध्ये क्लिनिक उघडू नका.

माझी जागा म्हणजे सलूनमधली भाड्याची एक खोली आहे. तरी नोंदणी लागेल?

लागेल. घरातली खोली असली तरी लागेल. जागा किती मोठी, याच्याशी संबंध नाही. नर्स म्हणून तुम्ही तिथून सेवा देता, एवढं पुरेसं आहे.

भाड्याच्या खोलीचा एक त्रास मात्र आधीच लक्षात घ्या. लीजिओनेला जिवाणूसाठी पाण्याची तपासणी, आगीची जोखीम, विजेच्या उपकरणांची चाचणी ही कागदपत्रं घरमालकाकडे असतात आणि इन्स्पेक्टर ती तुमच्याकडे मागतात. ‘मालकाकडे असतील’ हे उत्तर चालत नाही. भाडेकरार करतानाच प्रती मागून घ्या.

शेजारची ब्यूटीशियन फिलर टोचते, तिला कोणी विचारत नाही. मग आम्हालाच का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि त्यामागची चीड खरी आहे. वर सांगितलेली व्याख्या व्यवसायावर बेतलेली आहे, सुईवर नाही. त्यामुळे नर्सने टोचलं तर एचआयएस, आणि वैद्यकीय शिक्षण नसलेल्या व्यक्तीने टोचलं तर एचआयएसला अधिकार नाही, अशी विचित्र स्थिती तयार झाली. ती बदलण्यासाठी ऑक्टोबर २०२५ मध्ये स्कॉटिश संसदेत विधेयक मांडलं गेलं. १८ वर्षांखालच्यांना असे उपचार नकोत आणि जोखमीचे उपचार योग्य देखरेखीच्या जागीच व्हावेत, असा त्याचा रोख आहे.

पण ‘तिला नाही तर मलाही नको’ हे मला पटत नाही. ओठात फिलर भरताना सुई रक्तवाहिनीत गेली तर त्या बाईचा ओठ काळा पडू शकतो. नाकाच्या आसपास किंवा दोन भुवयांच्या मध्ये गेली तर डोळा जाऊ शकतो. इतकी जोखीम असलेल्या कामाची तपासणी व्हायलाच हवी. ती सगळ्यांची व्हावी ही मागणी आपण लावून धरू, पण आपली नको असं कधी म्हणू नये.

तपासणी आधी कळवून होते की अचानक?

आपल्यासारख्या लहान क्लिनिकची बहुतेक वेळा कळवून होते. एकटी नर्स असेल तर ती त्या दिवशी क्लिनिकमध्ये असणंही गरजेचं असतं. अचानक येण्याचा अधिकार त्यांना आहेच, विशेषतः तक्रार आली असेल तर. तारीख कळल्यावर सेल्फ इव्हॅल्युएशन म्हणजे स्वतःचं मूल्यमापन भरून पाठवायचं असतं, आणि पेशंटना पाठवण्यासाठी एका सर्वेक्षणाची लिंक येते. पेशंट थेट एचआयएसला उत्तरं देतात, आपल्याला नावं कळत नाहीत.

सेल्फ इव्हॅल्युएशनमध्ये ‘आमची सेवा उत्तम आहे’ असली वाक्यं लिहू नका. काय करता आणि त्याचा पुरावा कुठे आहे, तेवढंच लिहा.

त्या दिवशी प्रत्यक्षात काय होतं?

माझ्याकडे एकच इन्स्पेक्टर आल्या होत्या. ओळखपत्र दाखवलं, दिवस कसा जाईल ते सांगितलं आणि आधी खोली बघायला सुरुवात केली. माझ्या पोटात गोळा आला होता, पण त्यांचा सूर मात्र चौकशीचा होता, धाड घालण्याचा नव्हता. त्यांनी शार्प्स बिनवरचं, म्हणजे वापरलेल्या सुयांच्या डब्यावरचं, लेबल वाचलं, त्यावर सही आणि तारीख आहे का बघितलं. कपाटातल्या सुयांच्या, निर्जंतुक गॉजच्या पाकिटांवरच्या तारखा बघितल्या. बेडच्या रेक्झिनवर हात फिरवला, कुठे फाटलेलं नाही ना ते पाहिलं. फाटक्या रेक्झिनमध्ये द्रव मुरतो, आणि मग ते पुसून स्वच्छ होत नाही.

नंतर आम्ही टेबलाशी बसलो. विम्याचे कागद, एनएमसीची म्हणजे नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची नोंदणी, प्रशिक्षणाची सर्टिफिकेटं, कचरा उचलणाऱ्या कंपनीचा करार, तक्रारींची नोंदवही, अपघातांची नोंदवही. मग त्यांनी स्वतः निवडून पाच पेशंटच्या फाइली मागितल्या. आपण निवडून द्यायच्या नाहीत, हे लक्षात ठेवा.

प्रश्न सगळे ‘समजा असं झालं तर?’ या धाटणीचे. समजा पेशंटने खोटं वय सांगितलं. समजा तुम्ही आजारी पडलात आणि कालच्या पेशंटचा फोन आला, तर तिला कोण बघणार? हा दुसरा प्रश्न एकटीने क्लिनिक चालवणाऱ्या प्रत्येकीला येतो. उत्तर तोंडी असून भागत नाही. दुसऱ्या क्लिनिकशी लेखी समजूत असायला हवी, आणि ते पेशंटलाही आधीच सांगितलेलं असायला हवं.

शेवटी, जायच्या आधी, काय चांगलं दिसलं आणि काय सुधारावं लागेल ते थोडक्यात सांगितलं जातं. त्यामुळे रिपोर्टमध्ये सहसा अनपेक्षित काही निघत नाही.

पेशंटच्या फाइलमध्ये काय बघतात?

माझ्या मते सगळी तपासणी इथेच आहे. खोली चकचकीत करता येते, फाइल नंतर नटवता येत नाही.

आजारांचा पूर्ण इतिहास, ॲलर्जी, चालू औषधं, गरोदरपण किंवा स्तनपान, आधी कुठे काय टोचून घेतलं, जीपीचं म्हणजे फॅमिली डॉक्टरचं नाव, तातडीच्या वेळी कळवायच्या नातेवाइकाचा नंबर. जीपीला माहिती द्यायला पेशंटची संमती आहे की नाही, तेही लिहिलेलं हवं. जीपी आणि नातेवाइकाचे हे रकाने कोरे राहिले म्हणून कितीतरी क्लिनिकच्या रिपोर्टमध्ये शेरा आलेला तुम्हाला वाचायला मिळेल. कारण सोपं आहे. बाई खुर्चीत बेशुद्ध पडली तर फोन कोणाला करणार?

औषधाचं नाव, बॅच नंबर, एक्स्पायरी, कुठल्या बिंदूवर किती युनिट, चेहऱ्याच्या आकृतीवर खुणा. आधीचे आणि नंतरचे फोटो. दिलेल्या सूचना. प्रत्येक नोंदीवर सही, तारीख, वेळ. बॅच नंबर का, तर उद्या एखादी बॅच मागे घेतली गेली तर ती कोणाला टोचली, हे दहा मिनिटांत सांगता आलं पाहिजे.

संमती म्हणजे नुसती सही नाही. धोके समजावले का, पर्याय सांगितले का, ‘काहीच न करणं’ हाही पर्याय आहे हे सांगितलं का, विचार करायला वेळ दिला का, हे फाइलमधून दिसलं पाहिजे. आपल्याकडच्या बायका लग्नाच्या दोन दिवस आधी येतात आणि म्हणतात, ‘आजच करून टाका.’ बोटॉक्सचा पूर्ण परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि फिलरनंतर सूज येते, काळानिळा डाग पडतो. मी नाही म्हणते आणि नाही म्हटल्याचंही फाइलमध्ये लिहिते. नाकारलेल्या पेशंटची नोंद ठेवणं ही सवय इन्स्पेक्टरना आवडते, पण मी ती लावून घेतली त्याचं कारण वेगळं. तीच बाई महिन्याने परत येते, आणि तेव्हा आपण काय बोललो होतो ते आपल्याला आठवत नसतं.

आपल्या रंगाच्या त्वचेबद्दल एक गोष्ट इथेच सांगते. रक्तवाहिनी बंद झाली की त्वचा पांढरी पडते, मग जाळीसारखी निळसर होते, असं पुस्तकात असतं. ती चित्रं गोऱ्या त्वचेची असतात. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर हा पांढुरका रंग पटकन दिसत नाही. म्हणून ओठ आतून उलटवून बघावा लागतो, बोटाने दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते दोन्ही बाजूंना ताडून बघावं लागतं, आणि दुखतंय का हे पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. आधीचा फोटो चांगल्या उजेडात काढलेला असेल तरच तुलना करता येते. मी उपचारानंतर दोन्ही बाजूंचा हा वेळ फाइलमध्ये सेकंदांत लिहिते.

बोटॉक्स कसं ठेवता हे बघतात का?

बघतात, आणि बारकाईने बघतात. बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजे बोटॉक्समधलं औषध, हे प्रिस्क्रिप्शनवरच मिळतं. फ्रीज २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये असायला हवा आणि तापमान रोज लिहिलेलं हवं. तेही कमाल आणि किमान, दोन्ही. सकाळी एकदा दार उघडून आकडा लिहिला तर रात्री काय झालं हे कळत नाही.

माझ्याकडे एका सोमवारी कमाल तापमान ११ दाखवत होतं. शनिवारी घाईत दार नीट लागलं नव्हतं. मी त्या बाटल्या वेगळ्या काढून ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावली, कंपनीला फोन केला आणि शेवटी त्या टाकून दिल्या. पैसे गेले. त्या दिवशीच्या दोन्ही पेशंटना पुढची वेळ दिली. हे सगळं तारखेसह अपघातांच्या नोंदवहीत लिहिलं आणि फ्रीजला, दार उघडं राहिलं तर वाजणारा अलार्म बसवला. तपासणीत इन्स्पेक्टरनी नेमकं तेच पान उघडलं. मला वाटलं, संपलं. त्यांनी विचारलं, ‘मग तुम्ही काय केलंत?’ मी नोंदवही पुढे केली. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि पुढच्या पानावर गेल्या.

दुसरा मुद्दा, मिसळल्यानंतरचा. पावडरीत सलाइन घालून औषध तयार केल्यावर ते फ्रीजमध्ये २४ तास आणि एकाच पेशंटसाठी, असं इथल्या उत्पादनांच्या माहितीपत्रकात असतं. दोन आठवड्यांनी ‘टॉप-अप’ला, म्हणजे थोडं आणखी टोचायला, लागेल म्हणून बाटली ठेवण्याची पद्धत या क्षेत्रात बरीच आहे. पण ते लायसन्सच्या अटींबाहेर जातं, आणि मग धोरण, कारण आणि पेशंटची स्पष्ट संमती हे सगळं दाखवावं लागतं. मी ठेवत नाही. उरलेलं औषध टाकून देते.

बॅक्टेरिओस्टॅटिक सलाइन वापरलं तर चालतं का?

त्यात बेंझिल अल्कोहोल असतं, त्यामुळे टोचताना कमी दुखतं, म्हणून अनेक जणी ते वापरतात. यूकेमध्ये त्याला लायसन्स नाही. वापरायचंच असेल तर का वापरता याचं लेखी कारण हवं आणि पेशंटला ‘हे विनालायसन्स आहे’ असं सांगून घेतलेली संमती फाइलमध्ये हवी. ‘सगळे वापरतात’ हे कारण नाही.

इमर्जन्सी किटमध्ये काय असावं?

माझ्या इन्स्पेक्टरनी विचारलं, ‘ॲड्रेनॅलिन कुठे आहे?’ मी खण उघडला. त्यांनी अँप्युल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, खिडकीच्या उजेडात धरून त्यावरची तारीख वाचली, मग माझ्या यादीतली तारीख वाचली. दोन्ही जुळल्या. इतकं साधं आहे, आणि इतकं महत्त्वाचं. मोठ्या माणसाला ॲनाफिलॅक्सिससाठी, म्हणजे ॲलर्जीच्या जीवघेण्या झटक्यासाठी, १:१००० ॲड्रेनॅलिनचा डोस ५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्धा मिली, मांडीच्या स्नायूत. फरक पडला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा. म्हणजे एकच अँप्युल ठेवून भागत नाही.

हायल्युरोनिक ॲसिडचं फिलर वापरत असाल तर ते विरघळवणारं हायल्युरोनिडेज हवंच. एका अँप्युलमध्ये १५०० युनिट असतात. रक्तवाहिनी बंद झाली असेल तर पुन्हा पुन्हा द्यावं लागू शकतं, म्हणून मी अनेक ठेवते. ते आणायला दुसऱ्या क्लिनिकमध्ये गाडी पाठवावी लागणार असेल तर फिलर करू नये, असं माझं ठाम मत आहे. बाईचा ओठ गाडी येईपर्यंत थांबत नाही.

त्याच्यासोबत कृती लिहिलेला कागदही भिंतीवर असावा. हात थरथरत असताना फोनवर शोधायला जमत नाही.

हात धुण्याच्या बेसिनवरून एवढं काय?

माझ्या पहिल्या तपासणीत मला मिळालेली रिक्वायरमेंट, म्हणजे करायलाच हवी अशी सुधारणा, बेसिनचीच होती, म्हणून जरा सविस्तर सांगते. मी बेसिन रोज वाइप्सने पुसत होते. दिसायला लख्ख होतं. पण इथल्या नॅशनल इन्फेक्शन प्रिव्हेन्शन अँड कंट्रोल मॅन्युअलप्रमाणे बेसिन, नळ असल्या वस्तू १,००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) क्लोरीन असलेल्या डिटर्जंट-जंतुनाशकाने स्वच्छ कराव्या लागतात. बेसिनच्या जाळीत, नळाच्या तोंडाशी जंतू थर धरून बसतात आणि साध्या वाइपने ते निघत नाहीत.

आता मी रोज क्लोरीनची एक गोळी मोजून पाण्यात टाकते. पाणी किती घ्यायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, आणि मी मोजमापाचाच जग, म्हणजे खुणा असलेलं भांडं, वापरते. जगवर वेळ आणि तारीख लिहिते, ग्लव्ह्ज आणि ॲप्रन घालते, आधी नळ, मग कडा, शेवटी जाळी. उरलेलं द्रावण दुसऱ्या दिवशी वापरत नाही. चार मिनिटांचं काम आहे. क्लिनिकभर हलका क्लोरीनचा वास राहतो, तो मला मिरजेच्या वॉर्डाची आठवण करून देतो.

नवीन जागा घेत असाल तर बेसिन आधी बघा. कोपराने चालणारा किंवा सेन्सरचा नळ, बूच नाही, ओव्हरफ्लोचं भोक नाही. नंतर प्लंबर बोलावून बदलणं महागात पडतं.

मी एकटीच आहे. मग पॉलिसी, ऑडिट, रिस्क रजिस्टर हे कागदी घोडे कशासाठी नाचवायचे?

मलाही असंच वाटायचं. पण वॉर्डात आपल्या शेजारी दुसरी सिस्टर असते, ती म्हणते, ‘अगं, डोस परत बघ.’ एकटीच्या क्लिनिकमध्ये ती नसते. महिन्यातून एकदा स्वतःच्याच पाच फाइली काढून ठरलेल्या यादीप्रमाणे तपासणं, म्हणजे ऑडिट, हे त्या सिस्टरचं काम आहे. मी पहिल्यांदा केलं तेव्हा दोन फाइलींत उपचाराची वेळ लिहायची राहिली होती.

ड्यूटी ऑफ कँडर हा कायदा १ एप्रिल २०१८ पासून आहे. पेशंटला अनपेक्षित इजा झाली तर उघडपणे सांगायचं, माफी मागायची, त्यातून शिकायचं. त्याचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध करावा लागतो. वर्षभरात एकही घटना नसली तरी ‘नाही’ असा अहवाल लागतोच. हे बऱ्याच जणी विसरतात.

पीव्हीजीबद्दल (प्रोटेक्टिंग व्हल्नरेबल ग्रुप्स): लहान मुलं किंवा असुरक्षित स्थितीतल्या लोकांसोबत काम करणाऱ्यांची ही पार्श्वभूमी तपासणी १ एप्रिल २०२५ पासून ठरावीक भूमिकांसाठी कायद्याने सक्तीची झाली. कोणाला कामावर घेत असाल तर ती आधी करा. सर्टिफिकेटची प्रत मात्र कायमची फाइलमध्ये ठेवायची नसते. नंबर आणि तारीख लिहून ठेवायची आणि प्रत नष्ट करायची. जपून ठेवणं हा आपला स्वभाव, पण इथे तो चुकीचा ठरतो.

मी प्रिस्क्राइबर नाही, म्हणजे मला औषध लिहून देता येत नाही. दुसऱ्या कोणाकडून प्रिस्क्रिप्शन घेतलं तर?

चालतं, पण फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर नाही. सौंदर्यासाठीच्या औषधांचं प्रिस्क्रिप्शन लिहिताना नर्स प्रिस्क्राइबरने पेशंटला समोरासमोर तपासलंच पाहिजे, अशी भूमिका एनएमसीने १ जून २०२५ पासून लागू केली. डॉक्टर आणि डेंटिस्टना दूरून लिहिण्याची मनाई त्याआधीच होती. फाइलमध्ये प्रिस्क्राइबरने पेशंटला कधी, कुठे पाहिलं हे दिसलं नाही तर प्रश्न येणारच. शक्य असेल तर स्वतः व्ही३०० कोर्स, म्हणजे नर्सला प्रिस्क्राइबर करणारा कोर्स, करा.

भारतातून किंवा ऑनलाइन स्वस्त बोटॉक्स मागवलं तर? औषध तेच असतं ना?

नाही. कृपया नाही. बाटलीवरचं नाव तेच असलं तरी ती वाटेत किती वेळ गरम झाली, आत खरोखर किती टॉक्सिन आहे, हे कोणाला ठाऊक? यूके हेल्थ सिक्युरिटी एजन्सीने ४ जून ते १४ जुलै २०२५ या काळात इंग्लंडमध्ये अशा सौंदर्य-इंजेक्शनांनंतर बोट्युलिझमची, म्हणजे या टॉक्सिनच्या विषबाधेची, लक्षणं दिसलेले ३८ रुग्ण नोंदवले. पापण्या खाली झुकणं, दुहेरी दिसणं, गिळता न येणं, बोलताना जीभ जड होणं. लायसन्स नसलेली उत्पादनं वापरली गेली असावीत, असा त्यांचा रोख होता. इन्स्पेक्टर पुरवठादाराची बिलं मागतात ती यासाठीच.

सुटकेसमधून आणलेली बाटली क्लिनिकमध्ये सापडली तर प्रश्न एचआयएसपुरता राहत नाही. तुमची एनएमसीची नोंदणीच धोक्यात येते. पण त्याआधी ती बाई धोक्यात येते.

रिपोर्टमध्ये ग्रेड कसे देतात? रिक्वायरमेंट आणि रेकमेंडेशनमध्ये फरक काय?

क्लिनिकची दिशा आणि नेतृत्व, प्रत्यक्ष अंमलबजावणी, आणि त्यातून दिसणारे परिणाम, असे मुख्य भाग असतात. श्रेणी ‘अनसॅटिस्फॅक्टरी’पासून ‘सॅटिस्फॅक्टरी’, ‘गुड’ ते ‘एक्सेप्शनल’पर्यंत. रिक्वायरमेंट म्हणजे कायद्याप्रमाणे करायलाच हवं ते, मुदतीसह. रेकमेंडेशन म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे करावं असं.

आधी मसुदा येतो, त्यातल्या तथ्यांच्या चुका आपण कळवायच्या. मग सुधारणा कधी आणि कशी करणार याचा आराखडा द्यायचा. तरीही दुर्लक्ष केलं तर सुधारणेची नोटीस, नोंदणीवर अटी, आणि टोकाला नोंदणी रद्द करण्यापर्यंत जाता येतं.

रिपोर्ट सगळ्यांना दिसतो. पेशंट तुटणार नाहीत?

माझा रिपोर्ट, बेसिनच्या रिक्वायरमेंटसकट, एचआयएसच्या वेबसाइटवर आहे. एका पेशंटने तो वाचून मला विचारलं, ‘ते बेसिनचं झालं का?’ मी तिला क्लोरीनचं द्रावण करायचा तो जग दाखवला. ती अजून माझ्याकडेच येते.

मी पेशंट आहे. मी काय बघू?

एचआयएसच्या वेबसाइटवर क्लिनिकचं नाव शोधा. नोंदणीचं सर्टिफिकेट क्लिनिकमध्ये दिसेल असं लावलेलं असायला हवं, ते वाचा. रिपोर्ट उघडून तारीख आणि रिक्वायरमेंट वाचा. तीच रिक्वायरमेंट दोन तपासण्यांत पुन्हा आली असेल तर मी तिथे जाणार नाही. नर्सचं नाव एनएमसीच्या रजिस्टरवर कोणालाही बघता येतं.

मग तिला एकच प्रश्न विचारा: ‘रात्री अकरा वाजता माझा ओठ दुखायला लागला तर मी कोणाला फोन करू?’ उत्तर चटकन आणि नंबरासकट आलं पाहिजे.

तक्रार करायची असेल तर आधी क्लिनिककडेच जावं लागतं का?

नाही. आधी क्लिनिकशी बोललात तर बरं, पण एचआयएसकडे तुम्ही कधीही जाऊ शकता, आणि हे क्लिनिकच्या तक्रार-पत्रकात लिहिलेलं असायलाच हवं. आपल्या मराठी मंडळातल्या बाईची तक्रार कशी करायची, असा संकोच अनेकींना होतो. मला तुम्ही सांगितलं नाहीत तर माझी चूक मला कळणार कशी?

महाराष्ट्रात परत गेल्यावर हेच क्लिनिक काढता येईल का?

याच रूपात नाही. प्रिस्क्राइबर नर्सला इथे जसं स्वतः औषध लिहून देता येतं, तसा अधिकार तिथे नर्सला नाही, त्यामुळे असं काम डॉक्टरच्या जबाबदारीखालीच होतं. महाराष्ट्रात नर्सिंग होम नोंदणीचा १९४९ चा कायदा आहे, पण त्याचा भर पेशंट भरती करून घेणाऱ्या जागांवर आहे. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा राज्याने स्वीकारलेला नाही. सुट्टीवर पुण्याला किंवा मुंबईला जाऊन टोचून घेणाऱ्यांनी निदान कोण टोचतंय, औषधाचं खोकं तुमच्यासमोर उघडलं का, आणि बॅच नंबर लिहून मिळतो का, एवढं विचारावं.

इन्स्पेक्टरना चहा-फराळ विचारावा का?

चहा, पाणी जरूर विचारा, घरी आलेल्या माणसाला विचारतोच ना आपण. पण उपचाराच्या खोलीत कप नेऊ नका, आणि भेटवस्तू, मिठाईचा डबा असलं काही देऊ नका, त्यांना घेता येत नाही. दुपारी बसायला एक टेबल, एक प्लग पॉइंट आणि वाय-फायचा पासवर्ड दिलात तर त्यांचं काम लवकर होतं. त्या दिवशी पेशंटच्या वेळा कमी ठेवा, पण पूर्ण बंद ठेवू नका. पेशंटची हरकत नसेल तर तिच्याशी दोन मिनिटं बोलायला त्यांना आवडतं.